कोंबड्या, वाफे आणि चैत्राचं ऊन: वाचकांचे प्रश्न

होळी जवळ आली की या पानावर प्रश्नांची रीघ लागते आणि त्यातले निम्मे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात, म्हणजे थोडी जमीन आहे, त्यात विनारासायनिक भाजी लावलीय, सोबत पंधरा-वीस कोंबड्या आहेत, आणि आता ऊन वाढतंय तर पुढे काय. माझं म्हणणं दरवर्षी तेच असतं, भाजी आणि कोंबड्या एका तुकड्यात जरूर ठेवा पण एकाच वेळी एकाच वाफ्यात ठेवू नका. बाकी सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं. प्रश्न थोडे कापलेत, राग मानू नका, काही पत्रं चार-चार पानांची होती.

नमस्कार ताई. आमची गावरान कोंबडी खुडूक झालीय, गेले काही दिवस उठायलाच तयार नाही. घरात पंधरा अंडी साठलीत. आत्ता मार्चमध्ये अंड्यांवर बसवू का? की ऊन वाढेल म्हणून थांबू? – एक वाचक, जुन्नर

बसवा दादा, आणि आजच बसवा, आठवडाभर विचार करत राहू नका. एकवीस दिवसांनी पिल्लं निघणार म्हणजे आत्ता बसवली तर पाडव्याच्या आगेमागे मोकळे व्हाल, पण एप्रिलचा मध्य उलटला की मी स्वतः नवीन कोंबडी बसवत नाही. लोक म्हणतात उन्हात पिल्लं मरतात, खरं तर उलट आहे, पिल्लाला पहिल्या आठवड्यात बत्तीस ते पस्तीस डिग्री लागतेच, चैत्रात ती फुकट मिळते, बल्बचं बिल वाचतं. ऊन वैरी आहे ते अंड्याचं. घरात तीस-पस्तीसला पडून राहिलेल्या अंड्यात जीव अर्धवट वाढायला लागतो आणि मग तिथेच अडकून मरतो, आणि आपण म्हणतो कोंबडा बाद निघाला.

त्यामुळे पंधराच्या पंधरा ठेवू नका. सात दिवसांच्या आतली तेवढी घ्या, बाकीची पोळीबरोबर खाऊन टाका. गावरान कोंबडीच्या पोटाखाली दहा-बारा अंडी नीट मावतात, जास्त घातली की कडेची गार पडतात. अंडी धुवायची नाहीत, मळलेली वेगळी काढायची. बसवेपर्यंत माठाशेजारी ओल्या वाळूच्या पाटीत, निमुळतं टोक खाली करून ठेवा. बसवायचं अंधार पडल्यावर, म्हणजे ती नवीन जागा धरते. सातव्या-आठव्या दिवशी रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर चांगलं, नुसतं पिवळं उजळ दिसलं तर काढून टाका. अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही, कितीही उत्सुकता असली तरी. आणि ती दिवसातून एकदा खायला उठते तेव्हा दाणा आणि पाणी जवळच हवं, लांब गेली की उन्हाळ्यात अंडी नाही गार पडत पण मुंगूस येऊन जातं.

पिल्लं निघाल्यावर लसीचं विसरू नका. राणीखेत, म्हणजे आपण ज्याला मानमोडी म्हणतो, तो आला की खुराडं रिकामं करूनच जातो. त्यावरच्या लासोटा लसीचा थेंब पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात, मग चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि दोन महिन्यांच्या सुमारास त्याच रोगावरच्या आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. देवीची लस वेगळी, ती कधी द्यायची ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. खूप जण मला विचारतात की लस दिली तर ऑरगॅनिक राहतं का, राहतं, आपल्याकडच्या सेंद्रिय नियमांना लस चालते. खरी अडचण अशी की एक बाटली शंभर-दोनशे डोसची असते, कालवली की दोनेक तासात संपवावी लागते, आणि तुमची पिल्लं दहा. म्हणून आळीतल्या चार घरांनी मिळून एकच दिवस ठरवायचा आणि बाटली बर्फाच्या थर्मासमधून आणायची. उन्हात पिशवीला लटकवून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

खायला तांदळाची कणी, मक्याचा भरडा, आणि जमलं तर वाळवी. जुनं मडकं ओलसर शेण आणि गवताने भरून संध्याकाळी वाळवीच्या जागेवर पालथं घालायचं, सकाळपर्यंत आत वाळवी भरलेली असते, पिल्लांपुढे झटकायचं. बाजारात यापेक्षा चांगलं प्रोटीन मिळत नाही आणि फुकट. पहिला महिना डालग्याखाली झाका, घारी याच दिवसात स्वतःच्या पिल्लांसाठी शिकार शोधत फिरतात.

ताई, सगळीकडे वाचलं की कोंबड्या शेतात सोडल्या की किडे खातात, खत देतात. मी सोडल्या. दोन तासात पालकाचा आणि कोथिंबिरीचा वाफा उकरून सपाट. पाचटाचं मल्चिंग सगळं रस्त्यावर. आता नवरा म्हणतो एक काहीतरी ठेव. काय करू? – एक वाचक, पन्हाळा तालुका

नवऱ्याला सांगा दोन्ही ठेवणार. कोंबडीने काही वेगळं केलं नाही, उकरणं हेच तिचं काम, आणि कोवळ्या रोपाच्या बुडाशी ओल आणि किडे दोन्ही असतात मग ती तिथेच जाणार. प्रश्न फक्त कधी सोडायचं याचा आहे. पीक काढून झालेला वाफा तिला द्या, मेथी उपटली, कोबी संपला, फ्लॉवरचे खुंट उरले की त्या वाफ्याला कडेने जुनं मासेमारीचं जाळं किंवा साडी लावायची आणि आठवडाभर कोंबड्या आत. अळ्या, कोष, तणाचं बी, गोगलगायीची अंडी सगळं निपटून काढतात आणि वर माती भुसभुशीत. मग त्यांना पुढच्या वाफ्यात न्यायचं. चार-पाच वाफे असले की हे चक्र आपोआप बसतं. बी पेरल्यापासून रोप गुडघ्यापर्यंत येईपर्यंत मात्र आत पाय नको.

आता विष्ठेचं, कारण हे कोणी बोलत नाही. कोंबडीची ताजी विष्ठा फार गरम असते, त्यातला नत्र पटकन अमोनिया होतो, पालकाच्या मुळाशी पडली तर पानं करपतात. आणि त्यातून साल्मोनेलासारखे जंतू येतात, जे शिजवलं की मरतात पण कोथिंबीर, मुळा, काकडी, पात आपण कच्ची खातो. अमेरिकेच्या ऑरगॅनिक नियमात कच्चं शेणखत किंवा विष्ठा घातल्यावर, मातीला टेकणाऱ्या भाजीसाठी काढणीआधी १२० दिवस आणि न टेकणाऱ्यासाठी ९० दिवस सोडायला सांगितलेत. आपण त्या नियमाला बांधलेलो नाही पण हिशोब शहाणपणाचा आहे, मी तोच पाळते. म्हणजे बघा, चाळीस दिवसांत निघणाऱ्या कोथिंबिरीच्या वाफ्यात पेरणीच्या आधल्या आठवड्यात कोंबड्या सोडल्या तर ते बसत नाही, त्या वाफ्यात पुढचं पीक वांगं, भेंडी, गवार असं शिजवून खायचं घ्या, किंवा मांडवावरचा दोडका.

खुराड्यातलं जे निघतं ते सरळ शेतात टाकू नका. खाली भुसा, वाळला पाला, भाताचं तूस असं जाड अंथरा, ते विष्ठेसकट उचला, आणि त्याच्या दुपटी-तिपटीने आणखी वाळला पाला मिसळून ढीग लावा. कमरेएवढा ढीग झाला की आतून तापतो, पंचावन्न-साठ डिग्रीपर्यंत जातो, काठी खुपसून बाहेर काढली तर हाताला चटका बसायला हवा. दर आठवडा-पंधरवड्याला बाहेरचं आत, आतलं बाहेर. फाल्गुन-चैत्रात ढिगाची मोठी अडचण म्हणजे तो सुकतो, सुकला की काम थांबतं आणि वरून दिसत नाही, म्हणून ओलं गोणपाट टाकून ठेवा आणि मुठीत दाबल्यावर एखादा थेंब येईल इतपत पाणी मारत राहा. अमोनियाचा वास नाकात गेला तर पाला कमी पडलाय. आत्ता लावलेला ढीग मृगाच्या आधी तयार होतो, म्हणजे पावसाळी भाजीला बरोबर वेळेत.

दोडका, दुधी जोमात आहेत, पानं हिरवीगार, फुलं भरपूर, पण फळ धरत नाही. धरलंच तर बोटाएवढं होऊन पिवळं पडतं. कोंबडीखत सढळ हाताने घातलंय. – एक वाचक, बारामती

शेवटच्या वाक्यातच निम्मं उत्तर आहे. नत्र जास्त झाला की वेल पानावर जातो आणि नर फुलं काढत राहतो, त्यात दिवस मोठे आणि ऊन कडक झालं की नर फुलांचं प्रमाण आणखी वाढतं. मादी फुलाच्या मागे छोटं दोडकं असतं, नराच्या मागे नुसता देठ, मोजून बघा. खत आता बंद करा, बुडाशी राख टाका चिमूट-चिमूट, आणि शेंडे खुडा म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतील, मादी फुलं बहुतेक त्यांच्यावर येतात.

पण बोटाएवढं होऊन पिवळं पडतंय म्हणजे मादी फुलं आहेत, परागीभवन होत नाहीये. दोडका आणि दुधी संध्याकाळी फुलतात, काकडी आणि कारलं सकाळी. तुमच्याकडे सकाळी मधमाश्या दिसत असतील आणि तुम्ही निर्धास्त असाल. पाच-साडेपाचनंतर मांडवाखाली उभं राहा, कोणी येतंय का बघा. नसेल येत तर नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे करायच्या आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचं, एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो. पोरांना लावा कामाला, त्यांना मजा वाटते. आणि संध्याकाळी निंबोळी अर्क फवारत असाल तर फुलोऱ्यात ती वेळ टाळा, अंधार पडल्यावर मारा.

फळ पिवळं पडून खालून सडत असेल आणि आत बारीक पांढऱ्या अळ्या असतील तर ती फळमाशी. वेलवर्गीय पिकाला क्यू ल्यूरचे, म्हणजे माशीला ओढून घेणाऱ्या गंधाचे सापळे लागतात, आंब्याचे मिथाईल युजेनॉलचे चालत नाहीत, दुकानदार बऱ्याचदा जे शिल्लक असेल ते देतो. डंख मारलेली फळं बांधावर फेकू नका, त्यातूनच पुढची पिढी निघते. कोंबड्यांना घाला. या माशीचा कोष मातीत असतो, तेव्हा मांडव डोक्याएवढा उंच झाला आणि बुंधे जाळीने झाकले की कोंबड्या मांडवाखाली सोडायला काहीच हरकत नाही, सावली त्यांना आणि कोष त्यांच्या पोटात. दोडका वर लोंबतो, शिजवून खातो, म्हणून चालतं. काकडीच्या मांडवाखाली मी सोडत नाही.

उन्हाळी कोथिंबीर उगवतच नाही, उगवली तर लगेच फुलावर येते. भाव तेव्हाच असतो! – एक वाचक, शिरूर

म्हणूनच भाव असतो. धणे चपलेने रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यात बांधून ठेवा आणि मोड दिसायला लागल्यावरच पेरा. उघड्या वाफ्यात तापलेल्या मातीत पेरू नका, पन्नास टक्के शेडनेट किंवा वर सांगितलेल्या दोडक्याच्या मांडवाची पूर्वेची बाजू, जिथे सकाळचं ऊन येतं आणि दुपारचं येत नाही. (तिथे मग कोंबड्या नकोत, दोन्ही एका मांडवाखाली होणार नाही.) पाणी संध्याकाळी, हलकं. फुलावर येणं थांबवता येत नाही, हात-दीड हात होण्याची वाट न बघता लहान असतानाच उपटून विकायची आणि दर आठ दिवसांनी थोडी-थोडी पेरत राहायचं. एकदम गुंठाभर पेरणाऱ्यांचंच नुकसान होतं. ज्यांना हा व्याप नको त्यांनी सरळ राजगिरा आणि तांदूळजा लावावा, दोन्ही उन्हाला भीक घालत नाहीत.

कोंबड्यांनी अंडी कमी केलीत, जी देतात त्यांचं कवच कागदासारखं. होळीपर्यंत तर उलट वाढली होती. दुपारी चोच उघडी ठेवून धापा टाकतात. – एक वाचक, वर्धा

होळीपर्यंत वाढली कारण दिवस मोठा होत होता. अंड्याचा संबंध उजेडाशी आहे, थंडीत आपल्याकडे अकरा तासांच्या आसपास दिवस असतो, तो मार्चमध्ये बाराच्या वर जातो आणि कोंबडीला कळतं. पण तुमच्याकडे पाऱ्याने चाळिशी ओलांडली की ते सगळं पुसलं जातं.

कोंबडीला घाम येत नाही, धापा टाकूनच ती अंग गार करते. पण सतत धापा टाकल्या की रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर निघून जातो आणि कवच तयार व्हायला लागणारा माल कमी पडतो, म्हणून कवच पातळ, नुसतं चुना घालून ते पूर्ण सुटत नाही. आधी उष्णता कमी करा. पत्र्यावर पाचट किंवा कडबा जाड अंथरा, पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात द्या, पश्चिमेला ओलं गोणपाट, पण हवा अडेल असं चारी बाजूंनी बांधू नका, दमट कोंडलेल्या खुराड्यात त्या जास्त मरतात. पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत, दोन-तीन ठिकाणी, दुपारी बदलून. एरवी एक कोंबडी पाव लिटरच्या आत पाणी पिते, या दिवसात दुप्पट लागतं. दाणा पहाटे आणि संध्याकाळी द्या, भर दुपारी पोट भरलेलं असलं की पचनाची उष्णता वेगळी भर घालते. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात संध्याकाळी, कारण कवच रात्रभर तयार होत असतं. टरबुजाची सालं, काकडीचे तुकडे दुपारी टाका, खूश होतात. आणि धुळीत लोळायला सावलीत खड्डा करून त्यात राख टाका, उवा-पिसवा याच महिन्यात वाढतात. अंडी काही प्रमाणात कमी होणारच, ती पहिल्या पावसानंतर परत येतात.

कोथरूडला एक जण दारात 'गावरान' अंडी आणून देतो. कवच तपकिरी, बलक भगवा. पैसे दुप्पट-तिप्पट. खरी कशी ओळखू? – एक गृहिणी, पुणे

काकू, रंगावरून नाही ओळखता येत. कवचाचा रंग जातीवर ठरतो, फार्मवरच्या काही जाती तपकिरी अंडी देतात, आणि चहाच्या पाण्यात बुडवून पांढरं अंडं तपकिरी करणारेही आहेत, ओल्या फडक्याने घासून बघा. बलकाचा रंग खाण्यावर, हिरवा पाला, मका खाल्ला की गडद, आणि खाद्यात झेंडूचा अर्क घातला तरी गडद. गावरान अंडं सहसा लहान असतं, चाळीस ग्रॅमच्या आसपास, आणि एका पाटीतली सगळी एकसारखी नसतात, हाच त्यातल्या त्यात खात्रीचा पुरावा. बाराही महिने, मे महिन्यातसुद्धा, तीस-तीस अंडी न चुकता देणारा माणूस असेल तर त्याला विचारा कोंबड्या किती आहेत. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-ऐंशी अंडी देते, मधे खुडूक होऊन बसते. प्रोटीनच्या बाबतीत फार्मच्या अंड्यात आणि यात म्हणावा तसा फरक नाही, चवीसाठी आणि कोंबडी मोकळी फिरली म्हणून पैसे देताय तर द्या.

आम्ही भाजी-अंडी सोसायटीत विकतो. 'ऑरगॅनिक' लिहायला सर्टिफिकेट लागतं का? – एक शेतकरी जोडपं, मुळशी

तुमच्यासारख्या छोट्यांसाठी पीजीएस-इंडिया आहे, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी द्यायची सरकारी पद्धत. गावातले किंवा शेजारच्या गावातले किमान पाच शेतकरी मिळून गट करायचा, एकमेकांची शेतं तपासायची, आधी पीजीएस-ग्रीन आणि मग रासायनिकातून सेंद्रियात येण्याचा काळ संपला की पीजीएस-ऑरगॅनिक. निर्यात करायची असेल तर एपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची, वेगळी, महागडी वाट. थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला अन्नसुरक्षेच्या नियमात या सर्टिफिकेटमधून सूट आहे, पण सेंद्रिय मालावरचं 'जैविक भारत'चं सरकारी चिन्ह मात्र लावता येत नाही.

भाजीचं सोपं आहे, अंड्याचं नाही. कोंबडी मोकळी फिरते पण पोतं दुकानातल्या लेयर फीडचं, म्हणजे अंड्याच्या कोंबड्यांच्या तयार खाद्याचं असेल तर अंडं ऑरगॅनिक होत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सरकारने कोंबडीखाद्यासाठी बारा लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची) सोयापेंड आयात करायला परवानगी दिली होती, पोत्यात काय येतं ते आपल्या हातात नसतं. 'मोकळ्या कोंबडीची अंडी' लिहा, ते खरं आहे, आणि सोसायटीतल्या लोकांना रविवारी शेतावर बोलवा.

बर्ड फ्लूचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज दरवर्षी याच सुमारास फिरतो. गिऱ्हाईक अंडी घ्यायचं बंद करतं. – एक वाचक, धुळे

तुमच्या शेजारीच, नवापूरला, २००६ च्या फेब्रुवारीत देशातली पहिली साथ निघाली, तेव्हापासून ही भीती बसलीय आणि ती अगदीच बिनबुडाची नाही. पण नीट शिजवलेल्या अंड्यातून, चिकनमधून तो होत नाही. तुमच्या बाजूने एवढं करा, पाणपक्षी येतात त्या तळ्याकाठी कोंबड्या सोडू नका आणि एकदम चार-पाच मेल्या तर पुरून न टाकता आधी सरकारी दवाखान्यात कळवा. अर्धं कच्चं हाफ-फ्राय मात्र त्या दिवसात नकोच.

ताई, आम्ही न्यू जर्सीत, घरामागे जागा आहे. पोस्टाने एक दिवसाची पिल्लं मागवलीत, एप्रिलमध्ये येतील. जिवंत पोचतात? आणि सोबत आपल्या भाज्या कधी लावू? – एक वाचक

पोचतात, तिकडचं पोस्ट १९१८ पासून हे काम करतंय. पिल्लाच्या पोटात उरलेला बलक त्याला साधारण तीन दिवस पुरतो, म्हणून हे जमतं. आली की आधी चोच पाण्यात बुडवून पाणी दाखवा, मग दाणा. आमच्याकडे एप्रिलमध्ये पिल्लांना ऊन फुकट, तुमच्याकडे पहिल्या आठवड्यात ९५ फॅरनहाइट द्यावं लागेल आणि दर आठवड्याला पाचने कमी. ऊब देणाऱ्या लाल दिव्यांनी गॅरेज पेटतात, त्यापेक्षा हीट प्लेट घ्या. टाउनशिपचे नियम आधी बघा, कोंबडा बहुतेक ठिकाणी चालत नाही. भाजीचं तुमचं बरोबर उलटं, आम्ही ज्या मेथी-कोथिंबिरीसाठी शेडनेट बांधतो ती तुमच्याकडे एप्रिलमध्ये सुखाने येते, दोडका-कारलं घरात कुंडीत उगवून मे मध्यानंतर बाहेर काढा.

खुराड्यात धामण शिरते आणि अंडी गिळते. मारावी का? – एक वाचक, भोर

नाही. ती तुमच्या दाण्यावरचे उंदीर खाते, आणि तिला कायद्याचं संरक्षण आहे. अंडी दिवसातून दोनदा उचला, रात्री एकही आत ठेवू नका. खुराड्याची जाळी अर्ध्या इंचाची घ्या, खाली वीतभर जमिनीत पुरा म्हणजे मुंगूसही उकरून येत नाही, आणि दाराच्या फटीला रबराची पट्टी मारा, बहुतेक वेळा ती तिथूनच येते.